पुन्नोन टेकडी

१

पाकिटाची सुतळी शाबूत होती, पाचही सिले शाबूत होती, आणि तरीही आतला नकाशा दुसऱ्याच कुणाच्या नावाने दहा दिवस आधी कलकत्त्याला पोहोचला होता.

चांद्याच्या डाक कचेरीत ते पाकीट समोर ठेवून निरीक्षक गोविंदराव वैरागडे बसले होते. १९५८ चा मार्च नुकताच लागला होता. निवृत्तीला तीन महिने उरले होते. तीस वर्षे सायकलवरून, बैलगाडीतून, डोंग्यातून या जिल्ह्यातली डाकघरे तपासता तपासता त्यांचे गुडघे कामातून गेले होते, आणि मनही. टेबलाच्या डाव्या खणात खालच्या डाकघरांचे कागद सहीसाठी साचले होते. दिवाळीपासून तो खण त्यांनी नीट उघडला नव्हता. आज बघू, उद्या बघू, असे करता करता आता त्या खणाकडे नजर गेली तरी त्यांना धास्ती वाटे.

कलकत्त्याच्या एका भूशास्त्राच्या त्रैमासिकाच्या संपादकांनी ते कडेने कापून उघडले होते, आणि सिले तशीच ठेवून आपल्या पत्रासह परत पाठवले होते. वैरागड्यांनी ते पत्र तिसऱ्यांदा वाचले. संपादकांकडे चांदा जिल्ह्यातून एकाच विषयावर दोन लेख आले होते. पहिला एका खाजगी खाण कंपनीचे भूशास्त्रज्ञ मनसाराम कापगते यांचा. तो एकवीस जानेवारीला पोहोचला. दुसरा चामोर्शीच्या शाळेतले मास्तर देवाजी भांडेकर यांचा. तो पोहोचला एकतीसला. मजकूर वेगळा, पण नकाशा रेघेला रेघ तोच.

‘आमच्या नियमाप्रमाणे,’ संपादकांनी लिहिले होते, ‘जो लेख आधी हाती येतो तो मूळ धरला जातो. भांडेकर म्हणतात की त्यांनी पाकीट नऊ जानेवारीलाच टाकले आणि ते वाटेत कुणीतरी फोडले. तसा पुरावा पंधरा मार्चपर्यंत आला नाही, तर पुढच्या अंकात त्यांचे नाव नक्कल करणारे म्हणून छापावे लागेल आणि त्यांच्या शाळाखात्यालाही कळवावे लागेल. मधले बावीस दिवस पाकीट कुठे होते, हे डाकखात्याने सांगावे. सिलांचा रंगही आम्हाला चमत्कारिक वाटतो.’

वैरागड्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पाकीट खिडकीपाशी नेले. खात्याची लाख विटेसारखी लालभडक असते. ही लाख मधासारखी तांबूस होती, आणि एका सिलात झाडाच्या सालीचा बारीक तुकडा अडकला होता. त्यांनी नखाने तो खरवडून पाहिला.

ही लाख सरकारी नव्हती. पाकिटाला कुणीतरी आपल्या घरची लाख लावली होती.

२

कापगते साहेबांची कचेरी जटपुरा दरवाजाजवळ होती. टेबलावर दगडांचे तुकडे ओळीने मांडलेले, आणि कोपऱ्यातल्या उंच टेबलाशी सुकलू नावाचा नकाशे काढणारा मान खाली घालून बसलेला.

“या, या, पोस्टमास्टर साहेब!” कापगते म्हणाले.

“निरीक्षक,” वैरागडे हळूच म्हणाले.

“एकच ते. चहा घेणार ना? बघा, मला त्या मास्तराची दयाच येते. चामोर्शीत बसून भूशास्त्र! उद्या आमचा चपराशी ऑपरेशन करायला निघेल.”

“विषय काय होता हो लेखाचा?”

कापगत्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक कमान काढली. सूरजागडच्या डोंगरात लोखंडी दगडाचा एक पट्टा आहे, आणि दरीपलीकडच्या डोंगरात दुसरा. सगळे समजत होते की ते दोन आहेत. मुळात तो एकच पट्टा, जमिनीखालून वळून पलीकडे निघालेला. दोन्हींच्या मध्ये एक बारकी टेकडी आहे, तिथे ते वळण उघडे पडलेले दिसते. सगळ्या लेखाचा जीव त्या टेकडीत.

“तुम्ही स्वतः गेला होता तिथे?”

“सहा वर्षं मी त्या डोंगरांत हिंडतोय. तिथल्या माडिया गोंडांशी मी गोंडीतच बोलतो, दुभाष्या लागत नाही मला. गोंडी येत नसेल तर त्या जंगलात माणूस बहिराच म्हणायचा.”

“मग त्या बारक्या टेकडीचं नाव काय?”

“त्या ढिगाऱ्याला कसलं आलंय नाव? नाव नाही तिला.”

“पण नकाशा सारखाच कसा काय?”

कापगत्यांनी आवाज खाली आणला. “आमचा सुकलू मास्तराचंही काम करतो, सुटीच्या दिवशी. माझा नकाशा इथे काढला, मास्तराने त्याला गोड बोलून दुसरी प्रत काढून घेतली असेल. गरीब आहे बिचारा, मी काही बोललो नाही.”

सुकलूची मान आणखी खाली गेली. “मी निस्त्या रेघा ओढतो जी,” तो पुटपुटला.

वैरागडे तिथून कोर्टासमोरच्या झाडाखाली गेले. तिथे इंदुताई टाइपरायटर घेऊन बसत. मास्तरांचा लेख त्यांनीच टाइप केला होता.

“मी अक्षरं मारते भाऊ, अर्थ नाही मारत,” इंदुताई हात न थांबवता म्हणाल्या. “पण मास्तर काय चीज आहे सांगते. मासिकवाल्यांना दोन प्रती पाहिजे होत्या. दोन्ही घेतल्या, वरून वापरलेला कार्बनही मागून घेतला. उजेडात धरला तर वाचता येतो म्हणे. असा माणूस आपला कागद कुणाला दाखवेल का, आणि दुसऱ्याचा उचलेल का?”

“नकाशा पाहिला तुम्ही?”

“नकाशा माझ्याकडे आलाच नाही. तो सुकलूकडे गेला होता.”

एकूण काय, सुकलूच्या हातून दोन्ही नकाशे गेले होते. पण आधी कुणाचा आणि मग कुणाचा? साहेब म्हणणार माझा, मास्तर म्हणणार माझा. सुकलू ज्याचे खातो त्याचे नाव घेणार. कचेरीत परत येऊन वैरागड्यांनी संपादकांनी पाठवलेले दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरले. जुळी भावंडेच. त्यांनी भिंग काढले आणि मधल्या बारक्या टेकडीवर धरले.

तिथे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक नाव होते. दोन्ही नकाशांत होते. ज्या टेकडीला नाव नाही असे कापगते म्हणाले, तिला त्यांच्याच नकाशात नाव होते.

पुन्नोन.

३

चामोर्शीला जायचे म्हणजे मूल गावापर्यंत मोटार, पुढे बैलांचे खाचर, मग वैनगंगा डोंग्याने. नदी उतरली होती तरी वैरागड्यांना डोंग्यात चढताना दोघांनी धरावे लागले. हे आपले शेवटचे चामोर्शी, असे त्यांच्या मनात आले आणि त्यांना बरे वाटले, मग वाईट वाटले.

देवाजी मास्तर शाळेच्या व्हरांड्यातच भेटले. पंचेचाळिशीचे, किडकिडीत, बोटांना शाई. शिक्षण नागपूरला इंटर सायन्सपर्यंत, पुढे वडील गेले म्हणून सुटलेले.

“साहेब, तीन दिवाळ्या मी घरी नव्हतो,” ते म्हणाले. “सगळी सुटी त्या डोंगरात. बायको म्हणे, तुमाले दगडासंगंच लगन लावाचं होतं. लेख पाठवला तेव्हा पोरांना पेढे वाटले जी मी. आता ती पोरं उद्या वाचतील, मास्तर चोर हाय म्हणून. मी त्या वर्गात कसा उभा राहू?”

“तुमच्याजवळ काही जुनं टिपण?”

मास्तरांनी वही आणली. पेन्सिलीने काढलेले कच्चे नकाशे, पावसाने पसरलेले. पण तारखा त्यांच्याच हाताने घातलेल्या. असल्या वहीला कापगत्यांसारखा माणूस एका फुंकरीत उडवून लावेल, हे वैरागड्यांना कळत होते. मास्तरांनाही कळत होते.

“हे पुन्नोन नाव कुठून आलं?”

“तिथलंच नाव हाय. माझ्यासंगं कोलू मडावी राहे वाट दाखवाले, त्यानंच सांगितलं.”

“तुम्हाला गोंडी येते?”

“नाई जी,” मास्तर ओशाळले. “चार शब्दही नाई. आम्ही इकडचे धानवाले. कोलूले थोडी मराठी येते, तेवढ्यावर भागून जाते.”

डाकघरात नथ्थू होता. वीस वर्षे तो हे एका खोलीचे डाकघर एकटा चालवत होता. वैरागडे आत येताच त्याने खुर्ची पुसली, पाणी ठेवले आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. नोंदवहीत पाकीट नऊ जानेवारीला घेतलेले होते. चामोर्शीतून निघाले सत्तावीसला.

“अठरा दिवस, नथ्थू? पाकीट कुठी होतं?”

“इथीच जी. पेटीत.”

“काऊन?”

नथ्थू टेबल पुसू लागला.

“ही लाख आपली नाही. कोणी लावली?”

“मीच लावली जी.”

“पाकीट फोडलं होतंस?”

“नाई!” त्याचे डोळे भरून आले. “देवाशपथ नाई साहेब.”

“मग सांग ना बाबा. हे असंच लिहिलं तर तुझी नोकरी जाईल, आणि मास्तरांचं नाव जाईल.”

“मले याद नाई जी,” नथ्थू म्हणाला. आणि त्याने नोंदवही मिटून ठेवली.

४

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वैरागडे खिशात त्या सिलाचा तुकडा घेऊन हिंडू लागले. ऊन चढत होते. मोहाच्या टोपल्या, सुकी मासळी, टेंभरं. धानोऱ्याकडून आलेल्या बाया एका बाजूला डिंक आणि लाख घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातल्या भागीरथाबाईने तो तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि दाताखाली धरला.

“हे पळसाची लाख हाय. माहीच हाय,” ती म्हणाली. “तुमचा पोस्टवाला नेते ना! दोन इतवार येऊन पुसे, लाख आली का बाई, लाख आली का. मी म्हनलं, काऊन रे, बायकोले बांगड्या करतं का? आली थ्या दिवशी ओंजळभर देल्ली. पैसेबी नाई घेतले, सरकारचं काम म्हने.”

वैरागडे तिथेच एका उलट्या टोपलीवर बसले. दोन आठवडे लाखेची वाट पाहणारा माणूस पाकीट फोडत नसतो. फोडायचे असते तर लाख जवळ ठेवून फोडले असते.

तेवढ्यात देवाजी मास्तर एका उंच, पांढऱ्या केसांच्या माणसाला घेऊन आले. तो कोलू मडावी. बाजारालाच आला होता.

“कोलूभाऊ,” वैरागड्यांनी नकाशा पसरला, “ही पुन्नोन टेकडी कुठी हाय ते मले समजावून सांगा.”

“कोनती?”

“पुन्नोन.”

कोलूने मास्तरांकडे पाहिले, मग वैरागड्यांकडे, आणि तोंडावर हात ठेवला. त्याचे खांदे हलू लागले. मग त्याला हसू आवरेना. लाखवाल्या बायांनीही माना वळवल्या. त्यांच्यातल्या एकीला गोंडी येत होती, तिला कोलूने काहीतरी सांगितले, आणि ती पदर तोंडाला लावून मागे कोसळली.

“काय झालं?” मास्तर लालेलाल झाले.

“मास्तर, तुमी मले पुसलं, या टेकडीचं नाव काय,” कोलू डोळे पुसत म्हणाला. “मी बोललो, पुन्नोन. म्हंजे मले ठावं नाई. आमच्या बोलीत पुन्नोन म्हंजे ‘मले ठावं नाई’. तुमी लगेच वहीत लिवलं.”

“मग तेव्हाच काऊन नाई सांगितलं?”

“मास्तर मानूस लिवून राह्यला, त्याले काऊन टोकू जी? मले वाटलं, तुमाले मालूम असंन, कागदावर असंच लिवत असतीन.”

देवाजी मास्तर मटकन खाली बसले. तीन दिवाळ्यांच्या कामावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘मला ठाऊक नाही’ असे लिहून ठेवले होते. “आता तं संपलंच,” ते म्हणाले. “जगभर हसं होईन.”

पण वैरागडे हसतही नव्हते आणि हळहळतही नव्हते. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना गुडघ्यांचा विसर पडला होता. त्यांनी नकाशाची घडी केली आणि ते तडक डाकघरात गेले.

“नथ्थू, लाख संपली होती ना? सील केल्याशिवाय नोंदणीचं पाकीट पुढे पाठवायचं नाही, असा मीच तुले नियम घालून देल्ला होता. म्हणून तू थांबला.”

नथ्थूने मान हलवली.

“मग लाखेची मागणी काऊन नाही केली?”

“केली जी. तीन येळा.”

“कोणाकडे?”

नथ्थूने भिंतीकडे तोंड फिरवले.

“तुमच्याचकडे, साहेब.”

५

चांद्याला परतल्यावर वैरागड्यांनी आधी डावा खण उघडला. तिन्ही मागण्या तिथे होत्या, एकाखाली एक. ‘लाख संपली आहे. कृपा करून पाठवावी.’ तिसरीवर नथ्थूने ‘कृपा करून’ दोनदा लिहिले होते. वैरागड्यांनी ते कागद एकावर एक जुळवले. मग खिशात घातले आणि कापगत्यांच्या कचेरीत गेले.

“सापडला का चोर?” कापगते म्हणाले.

“पाकीट कुणी फोडलं नव्हतं,” वैरागडे म्हणाले. “ते अठरा दिवस चामोर्शीलाच पडून होतं. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो, की सुकलूच्या टेबलावर आधी कुणाचा नकाशा आला.”

“माझा. सांगितलं ना.”

“हो. मी साधा टपालवाला, मला दगडांतलं काही कळत नाही. म्हणून एवढंच करा. तुमच्या नकाशातल्या मधल्या टेकडीवर नाव लिहिलंय, ते वाचून दाखवा.”

“नाव?” कापगत्यांनी त्रासून नकाशा ओढला आणि भिंग धरले. “नाव कशाला असेल... पु... पुन्नो...”

ते थांबले. कापगत्यांनी तो शब्द मनातल्या मनात पुन्हा वाचला असावा, कारण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या.

“तुम्हाला गोंडी येते,” वैरागडे थकलेल्या आवाजात म्हणाले. “सहा वर्षं दुभाष्या लागला नाही. तुम्ही कुणाला टेकडीचं नाव विचारलं असतं आणि तो ‘पुन्नोन’ म्हणाला असता, तर तुम्ही दुसऱ्या माणसाला विचारलं असतं. वहीत लिहून घेतलं नसतं. ही चूक फक्त गोंडी न येणारा माणूसच करू शकतो. देवाजी मास्तरांना गोंडी येत नाही.”

“ती... सुकलूची चूक असेल.”

“सुकलू कधी सूरजागडला गेलाय?”

“कारकुनाचं काम आहे ते! मी काय प्रत्येक अक्षर वाचत बसू?”

“तेच तर. तुम्ही रेघा वाचल्या, नाव वाचलं नाही. आपण काढलेल्या नकाशावरचं नाव माणूस विसरत नाही हो. तुम्ही तर मला म्हणालात, नाव नाही तिला.”

कोपऱ्यात टाक ठेवल्याचा आवाज झाला. सुकलू उठून उभा राहिला होता.

“मास्तराचा नकाशा मी जेवनाच्या सुटीत इथीच पुरा करत होतो,” तो म्हणाला. “साहेबानं पाह्यला. म्हने एक प्रत मले काढून दे, आन तोंड उघडलं तं उद्यापासून येऊ नको. मी काढून देल्ली. अक्षरासकट देल्ली.” त्याने बोटांची शाई सदऱ्याला पुसली. “माह्या पोरीले मास्तरनंच शिकवलं हाय जी. तवापासून मले झोप नाई.”

कापगत्यांनी नकाशाची घडी करायला घेतली, पण ती नीट बसेना.

६

अहवाल लिहायला वैरागड्यांना दोन दिवस लागले. नावाचा भाग सोपा होता. सुकलूचा जबाब, कोलूचा अंगठा, मास्तरांची वही. पण संपादकांचा नियम तारखेचा होता. मास्तरांचा लेख नऊ जानेवारीचा धरायचा, तर उशीर खात्याचा होता असे खात्याने लिहून द्यायला हवे होते. आणि खात्यात तो कुणाचा, हेही.

त्यांनी चार खर्डे केले. पहिल्यात ‘लाखेचा पुरवठा वेळेवर झाला नाही’ असे लिहिले. ते खोटे नव्हते. ते तसेच गेले असते आणि तीन महिन्यांनी गळ्यात हार घालून घरी गेले असते. चौथ्या खर्ड्यात लिहिले: ‘चामोर्शीच्या मागणीपत्रांवर मी सही केली नाही. ती माझ्या खणात पडून होती. उशिराला नथ्थू जबाबदार नाही, मी आहे.’ ते वाचून त्यांना लाज वाटली. तरी तोच पाठवला, आणि सोबत तिन्ही मागण्या जोडल्या.

एप्रिलच्या मध्याला ते पुन्हा डोंग्यात बसले. यायची गरज नव्हती, पण लाखेची पेटी त्यांना स्वतः पोहोचवायची होती. डाकघरात देवाजी मास्तर आधीच येऊन बसले होते. हातात कलकत्त्याचे पत्र. लेख स्वीकारला होता, नऊ जानेवारीच्या तारखेने. कापगत्यांचा लेख परत गेला होता. सुकलूची नोकरी सुटली होती, पण मास्तरांनी त्याला शाळेचे तक्ते रंगवायला बोलावून घेतले होते.

“एकच विचारलं हाय त्यांनी,” मास्तर म्हणाले. “टेकडीचं नाव बदलाचं का म्हणून. कोलूनं चार म्हाताऱ्यांना पुसलं. खरंच नाव नाई तिले. काय करू साहेब? खोडून टाकू?”

“खोडू नका,” वैरागडे म्हणाले. “त्याच नावानं तुम्हाला वाचवलं.”

मास्तर हसले. आज ते पेढे घेऊन आले होते. वर्गातल्या पोरांना वाटून उरलेले. नथ्थूने एक पेढा वैरागड्यांपुढे धरला, आणि त्याबरोबर एक सरकारी लिफाफा. चांद्याहून मागोमाग आला होता. वैरागड्यांनी फोडला. वरच्या साहेबांनी खुलासा मागितला होता: तीस वर्षांच्या सेवेनंतर अशी हयगय का झाली, आणि आपल्यावर कारवाई का करू नये.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. नथ्थूने तो वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

“साहेब, आता तुमचं काय होईन?”

वैरागड्यांनी पेढ्याचा एक तुकडा तोंडात टाकला, पेटीतून लाल लाखेची एक कांडी काढून नथ्थूच्या हातात दिली, आणि त्यांना येत होता तेवढा एकच गोंडी शब्द उच्चारला.

“पुन्नोन.”